अनोळखी खाडीत होडीतून गरवायला जाताय? आधी सुकती (ओहोटी) बघून या

पुण्या-मुंबईकडची बरीच मंडळी हल्ली रॉड-रील घेऊन कोकणात उतरतात, किनाऱ्यावरून दोन-चार वेळा गरवून (गळाने मासे पकडून) झालं की मग वाटायला लागतं की होडी घेऊन आत जाऊ, तिथे मोठी तांबोशी असेल, जिताडा असेल. असेलही. पण किनाऱ्यावर उभं राहून गळ टाकणं आणि अनोळखी पाण्यात होडी घालणं ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मी शहाणपणाने नाही, दाभोळच्या खाडीत वाळूवर साडेदहा तास बसून शिकलोय. ती गोष्ट पुढे सांगतो. मी जे लिहितोय ते वाशिष्ठीच्या म्हणजे दाभोळ खाडीच्या अनुभवावरून, पण बाणकोट, जयगड, विजयदुर्ग, देवबागचं कर्लीचं तोंड, सगळीकडे हिशोब थोड्याफार फरकाने हाच आहे.

पहिल्या दिवशी रॉड गाडीतच ठेवा

हे कोणालाच आवडत नाही, मला माहितीये, सुट्टी दोन दिवसांची असते. तरी पण ज्या पाण्यात जायचंय ते एकदा पूर्ण ओहोटीला काठावर उभं राहून बघा. भरतीत खाडी म्हणजे एक सपाट चकचकीत पत्रा असतो, काहीच कळत नाही. सुकती लागली की तीच खाडी आतून दिसायला लागते, मधेच वाळूचा लांब पट्टा, एका बाजूला चिखल, कुठे कातळाचं टोक, कुठे जाळ्यासाठी ठोकलेले खुटे जे भरतीत वितभर पाण्याखाली जातात आणि नेमके होडीच्या तळाला शोधत असतात. मोबाईलवर फोटो काढा, आणि फोटोत मागे एखादी न हलणारी खूण येऊ द्या, देऊळ, टॉवर, जेटी. दाभोळात अंडा मशिदीचा घुमट लांबून दिसतो, समोर अंजनवेलच्या बाजूला गोपाळगड आहे, अशा दोन खुणा एका रेषेत धरून "ह्याच्या डावीकडे जायचं नाही" असं ठरवता येतं. जुने लोक हेच करतात, त्यांना जीपीएस लागत नाही.

गूगलची सॅटेलाइट इमेज जरूर बघा, पण ती भरतीची आहे की ओहोटीची हे बघून बघा. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांच्या इमेज दिसतात, त्यात एखादी तरी ओहोटीची सापडते. आणि मागच्या वर्षीच्या जीपीएस ट्रॅकवर विसंबू नका, पावसाळ्यात नदी एवढी वाळू आणि गाळ आणते की तोंडाजवळचे पट्टे दरवर्षी जागा बदलतात. वाळू काढणाऱ्यांमुळे पडलेले खड्डे वेगळेच.

पाणी वाचायच्या दोन-तीन सोप्या गोष्टी. खाडी वळते तिथे बाहेरच्या अंगाला खोल असतं, आतल्या अंगाला गाळ साचतो. वारा नसताना एखाद्याच जागी पाणी खुळखुळतंय, बारीक लाटा उठतायत, तर खाली उथळ आहे किंवा खडप (पाण्याखालचा खडक) आहे. आणि खाडीच्या मधोमध बगळा निवांत उभा असेल तर तिथे किती पाणी आहे हे तुम्हाला बगळ्याच्या पायांवरून कळायला हरकत नाही, हसू नका, आमच्या लक्षात आलं नव्हतं.

दिवस कॅलेंडरवरचा रविवार बघून नाही, तिथी बघून ठरवा

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी म्हणजे ४ ची पाऊणपट ३, तर तीनच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला ६. पौर्णिमा-अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. रोज सुमारे ५० मिनिटांनी वेळ पुढे सरकते. हे अंदाजाला ठीक, नक्की वेळेसाठी टाइड टेबल किंवा अॅप बघाच, आणि अॅपमध्ये बंदर जवळचं निवडा, मुंबईचं लावून दाभोळला जाऊ नका. शिवाय तोंडावर भरती झाली म्हणजे आत चिपळूणकडे झाली असं नसतं, आत ती उशिरा पोचते.

आता मुद्दा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, आणि म्हणून ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ओढ कमी. नवख्या माणसाने उधाणाचे दिवस टाळावेत हे सगळेच सांगतात, पण एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. आपल्याकडे उधाणाला भरती सव्वाअकरा-बाराला संपते, म्हणजे ओहोटी नेमकी दुपारी जोरात असते, आणि दुपारीच समुद्राकडून वारा सुटतो. पाणी बाहेर धावतंय आणि वारा आत ढकलतोय, अशा वेळी खाडीच्या तोंडावर लाटा आखूड आणि उभ्या होतात, सकाळी जिथून गप्पा मारत गेलात तिथून दुपारी परत येताना तोंडाला कोरड पडते. हा योगायोग नाही, प्रत्येक उधाणाला हेच होणार, कारण उधाणाच्या तिथीला भरतीची वेळ ठरलेली, आणि दुपारचा वारा तर रोजचाच.

म्हणून माझ्या मते नवख्यासाठी चांगला दिवस म्हणजे चतुर्थी-पंचमीच्या पुढेमागे. सकाळी पावणेनऊ-साडेनऊला ओहोटी संपते, म्हणजे सकाळी उठून काठावरून उघडी पडलेली खाडी बघता येते आणि मग चढत्या पाण्यात होडी टाकता येते. चढत्या पाण्यात टेकलात तरी थोड्या वेळाने पाणीच उचलून देतं. (संकष्टीला मासे मारायचे की नाही हा ज्याचा त्याचा आणि घरच्यांचा प्रश्न.)

एक अजून, पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. एकूण फरकाचे बारा वाटे धरा, पहिल्या तासात १ वाटा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. म्हणजे मधल्या दोन तासांतच अर्धं पाणी इकडचं तिकडे. अरुंद जागा, पुलाचे खांब, खाडीचं तोंड, ह्या ठिकाणी मधल्या दोन तासांत जायचं नाही.

वाशिष्ठीत वरच्या भागात आणखी एक भानगड आहे, कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी ह्या नदीत येतं, त्यामुळे चिपळूणच्या बाजूला पाणी फक्त चंद्राच्या हिशोबाने वागेल असं धरू नका, तिथल्या लोकांना विचारा.

माझी साडेदहा तासांची गोष्ट

प्रतिपदेचा दिवस होता, म्हणजे उधाणच. आम्ही तिघं, भाड्याची फायबरची होडी, लहानसं इंजिन, बरोबर स्थानिक कोणी नाही कारण "आपल्याला येतं". निघताना जेटीवर एक काका जाळं विणत बसले होते, त्यांना विचारलं की पलीकडे मधे पाणी आहे ना, ते म्हणाले, "आता आहे." आम्ही त्यातलं "आहे" ऐकलं, "आता" ऐकलंच नाही. बाराला भरती भरली, एकच्या सुमारास तांबोशी लागली म्हणून सगळ्यांचं लक्ष रॉडकडे, आणि होडी हळूच सरकत वाळूवर टेकली. पहिली पाच मिनिटं आम्ही मासा काढण्यात घालवली. तीच पाच मिनिटं महत्त्वाची होती. भरती संपल्यावर तासाभराने जिथे टेकलात तिथे तेवढंच पाणी परत यायला पुढच्या भरतीच्या तासभर आधीची वेळ यावी लागते, हिशोब करा, साडेअकरा वाजले रात्रीचे. पाणी दीड बाटली, टॉर्च एक मोबाईलचा, आणि डासांचं काय सांगू. तो मासा त्या उन्हात वासही मारायला लागला होता.

तर टेकलात की लगेच: इंजिन बंद करून वर उचला (नाहीतर वाळू पंपात जाते), सगळे खोल पाण्याच्या बाजूला वजन नेऊन होडी हलकी करा, वल्ह्याने किंवा बांबूने ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे ढकला. वाळू घट्ट असेल, पाणी गुडघ्याखाली असेल तरच एकाने उतरायचं, लाईफ जॅकेट घालून आणि होडी धरून. चिखल असेल तर अजिबात उतरायचं नाही. कांदळवनाजवळचा चिखल कमरेपर्यंत ओढतो, आणि पाय काढायला धडपड केली की अजून खाली. कोणी रुतलाच तर मागे रेलायचं, अंग पसरायचं, आणि होडीतून वल्हं आडवं द्यायचं. पाच-दहा मिनिटांत होडी निघाली नाही तर सोडून द्या, नांगर टाका, फोन करून कळवा, आणि वाट बघा.

होडी आणि होडीवाला

पहिल्या दोन-तीन वेळा तरी स्थानिक तांडेल (होडी चालवणारा जाणकार) किंवा गरवणारा माणूस बरोबर घ्याच. पैसे वाचवायची ही जागा नाही. त्याला "मासे कुठे लागतात" ह्याच्या आधी "परत येताना कुठून यायचं" हे विचारा, आणि तो नाही म्हणाला तर नाही. आमच्यातला एकजण एका तांडेलाशी वाद घालत होता की अॅपवर वारा कमी दाखवतोय, तो नुसता समुद्राकडे बघून म्हणाला, "मग मोबाईल घेऊन जा." आम्ही चहा प्यायला गेलो, दुपारी काय वारा सुटला ते टपरीतून बघितलं.

निघायच्या आधी हे हाताने तपासा, विचारून नाही:

– लाईफ जॅकेट प्रत्येकाला एक, आणि ते अंगावर, बक्कल लावून. सीटखाली ठेवलेलं जॅकेट होडी उलटल्यावर सीटखालीच राहतं. खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर मोठं होतंय.
– वल्ही दोन, किंवा एक वल्हं आणि एक लांब बांबू. इंजिन असलं तरी.
– पाणी उपसायला डबा. अर्धा कापलेला पाच लिटरचा कॅन उत्तम चालतो.
– नांगर आणि दोर. ह्याबद्दल खाली.
– पेट्रोलचे तीन भाग: एक जायला, एक यायला, एक शिल्लक. ओढीविरुद्ध परत यायचं असेल तर यायला जास्त लागतं हे विसरू नका.
– किल स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला. तो पाण्यात पडला तर इंजिन बंद व्हायला हवं, होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर यायला नको.
– सुरी हाताशी, शिट्टी, टॉर्च, पॉवरबँक, मोबाईल वॉटरप्रूफ पाउचमध्ये, प्यायचं पाणी माणशी किमान तीन लिटर.

होडीत किती माणसं बसतात हा प्रश्न चुकीचा आहे, किती माणसं उभं राहून रॉड फिरवू शकतात हा बरोबर. सहा जणांची होडी गरवायला तिघांची. उलांडीची होडी (तोल सांभाळायला एका बाजूला लाकूड जोडलेली) असेल तर ती दिसायला भक्कम वाटते, पण उलांडीच्या विरुद्ध बाजूला दोघं एकदम झुकले की ती उलटू शकते. अॅमेझॉनवरून आणलेल्या हवा भरायच्या खेळण्यातल्या बोटी खाडीत आणू नका, कालवांच्या (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या) धारेला लागली की संपलं.

हवामान

कोकणच्या खाड्यांना नवख्यासाठी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी चांगला काळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, आणि नारळी पौर्णिमा झाली म्हणजे समुद्र शांत झाला असंही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरलाही गाफील राहू नका, फयान वादळ २००९ च्या नोव्हेंबरमध्येच आलं होतं आणि कोकणातल्या कित्येक मच्छीमारांना त्याने गाठलं. आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा, इन्कॉइस ह्या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा इशारा बघा, आणि बंदरात तीन नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला असेल तर रॉड बाहेर काढूच नका.

सकाळी वारा जमिनीकडून असतो, हलका, दुपारी फिरतो. फेब्रुवारीनंतर दुपारचा वारा चांगलाच अंगावर येतो, म्हणून अकरा-बारापर्यंत निदान तोंडाजवळून तरी आत आलेलं बरं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरला विजांचं बघा, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप आहे ते टाकून ठेवा. कार्बनचा रॉड हातात उभा धरून विजेला आमंत्रण देऊ नका, गडगडाट ऐकू आला की रॉड आडवे आणि काठाकडे. खाडीवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात तिथेही रॉड आडवाच.

पाण्यात असताना

नांगर नेहमी नाळेकडून, म्हणजे पुढून. मागून कधीच नाही. मागे इंजिनाचं वजन असतं, तिथली कड खाली असते, ओढीत मागून नांगर टाकला की पाणी सरळ आत येतं आणि होडी भरायला मिनिटही लागत नाही. दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडायचा, आणि खोली धरताना भरतीने अजून किती चढणार आहे तेही धरायचं, नाहीतर चढत्या पाण्यात आखूड दोराने नाळ खाली ओढली जाते. नांगर खडपात अडकला आणि ओढ वाढायला लागली तर तो काढायच्या नादात होडीची कड पाण्याला टेकवू नका, दोर कापा. नांगर नवा येतो.

उभं राहायचं तर एका वेळी एकानेच, बाकीचे बसून. मासा लागला की तिघंही एकाच बाजूला बघायला धावतात, हा आपला सगळ्यांचा आजार आहे, निघायच्या आधीच ठरवा की मासा काढायला एक आणि जाळी धरायला एक, तिसरा दुसऱ्या बाजूला बसून राहील आणि नुसता आसपास बघेल. हा बघणारा माणूस फार कामाचा, होडी सरकतेय का, फेरीबोट येतेय का हे त्याच्याच लक्षात येतं. दाभोळ-धोपावे फेरीच्या वाटेत नांगर टाकायचा नाही, आणि तिची लाट आली की होडी आडवी ठेवू नका, नाळ थोडी तिरकी करून लाटेवर घ्या. मोठ्या जहाजांचा रस्ता आणि अंजनवेलच्या गॅस टर्मिनलचा परिसर लांबच ठेवा.

दुसऱ्याची जाळी, बोये, खुटे दिसले की लांबून वळसा. पंख्यात जाळं गुंतलं तर तुमची होडी अडकते आणि त्याचं पोट अडकतं, आणि उद्या तुम्हाला मदत लागली तर तोच येणार असतो.

खाडीच्या तोंडातून बाहेर समुद्रात जायचा मोह पहिल्या वर्षी आवरा. अगदीच जायचं तर तांडेल बरोबर, चढत्या पाण्यात, सकाळी, आणि आधी दहा मिनिटं थांबून लाटा कुठे फुटतात ते बघून.

वाशिष्ठीत मगरी आहेत, चिपळूणच्या बाजूला तर त्या बघायला लोक होडीने जातात. घाबरायचं काही नाही पण हात पाण्यात सोडून बसू नका, मासे दोरीला ओवून होडीला टांगू नका, काठावर पाण्यात बसून मासे साफ करू नका. त्यापेक्षा जास्त लोकांना त्रास देतो तो शेंगाळा मासा. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांजवळचे काटे विषारी असतात, पाखटाचा (चपट्या, लांब शेपटीच्या माशाचा) शेपटीवरचा तसाच. पक्कडने गळ काढा, नाहीतर दोरा कापून सोडून द्या. काटा लागलाच तर जखम धुवून, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवली की ठणका उतरतो, थर्मासमधल्या चहाच्या पाण्याचा हाही उपयोग, फक्त दुसऱ्या हाताने आधी गरमपणा बघा. मग डॉक्टरकडे जाच, काट्याचा तुकडा आत राहतो.

काही बिनसलं तर

कोणी पाण्यात पडला: इंजिन न्यूट्रल, ओरडून सगळ्यांना सांगा, तरंगणारं काहीही फेका, एकाने त्याच्यावरून नजर हलवायची नाही. त्याच्यामागे उडी मारायची नाही. होडीत घेताना इंजिन पूर्ण बंद.

होडी उलटली: होडी सोडू नका. काठ जवळ दिसतो, ओढीत तो जवळ नसतो. उलटी होडी तरंगते आणि लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही.

इंजिन बंद पडलं: आधी नांगर, मग इंजिनाचं झाकण. सगळे उलट करतात, दोरी ओढत बसतात आणि तोवर होडी तोंडाकडे वाहत गेलेली असते.

नंबर फोनमध्ये सेव्ह करा, कागदावरही लिहा: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, आणि ११२. डोंगरांच्या आड खाडीत नेटवर्क जातं, म्हणून ज्या होडीवाल्याकडून होडी घेतली त्याचा आणि जेटीवरच्या एखाद्याचाही नंबर हवा, रेंज मिळाली की बहुतेक वेळा पहिली मदत त्यांचीच येते.

आणि निघताना काठावर एका माणसाला सांगून जा: किती जण, कोणती होडी, कोणत्या बाजूला, किती वाजता परत. व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन चालू ठेवा पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. सांगितलेल्या वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही तर त्याने कोणाला फोन करायचा हेही ठरवून घ्या. आणि मग परत आल्यावर त्याला कळवायला विसरू नका. आम्ही एकदा जेटीला लागलो आणि मासे भाजत बसलो, आणि तो बिचारा दोन माणसं घेऊन टॉर्च मारत खाडीत आम्हाला शोधत होता.